राष्ट्रीय पक्ष आणि पर्यावरणवाद : प्रभाव नेमका कुठे दिसतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आरेतील झाडांसाठी 2019 मध्ये मुंबईकर रस्त्यावर उतरले, दर हिवाळ्यात शहराच्या हवेविषयी ओरड होते, कोकणात एकामागून एक प्रकल्पांना विरोध होतो, असे असूनही राष्ट्रीय पक्षांच्या राजकारणावर पर्यावरणवादाचा काही ठसा उमटला आहे का, आणि जर्मनीसारखा हरित पक्ष आपल्याकडे का उभा राहिला नाही? गेली सत्तावीस वर्षे मी मुंबईत पर्यावरणविषयक मंजुऱ्या, हरकती-सूचना आणि जनसुनावण्या यांचेच काम करतो आहे, आणि मागणी आली तेव्हा निरनिराळ्या पक्षांच्या जाहीरनामा समित्यांना टिपणेही लिहून दिली आहेत. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो. प्रभाव आहे, आणि वाटतो त्याहून बराच अधिक आहे. पण मतमोजणीच्या आकड्यांत तो शोधायला गेलो तर हाती काही लागत नाही. मंजुरीच्या फायली, युतीच्या वाटाघाटी आणि तिकीटवाटप या तीन ठिकाणी तो स्पष्ट दिसतो.

जाहीरनाम्यांवर फार वेळ घालवू नये. पर्यावरणाचे प्रकरण आता प्रत्येक राष्ट्रीय पक्षाच्या जाहीरनाम्यात असते. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापण्याचे आश्वासन दिले होते, तर भाजपच्या संकल्पपत्रात सर्वाधिक प्रदूषित अशा 102 शहरांतील प्रदूषण पाच वर्षांत किमान 35 टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट होते. यांतली एकही ओळ कुणा नेत्याने मुंबईतल्या प्रचारसभेत उच्चारल्याचे मला आठवत नाही. एका पक्षाच्या समितीला मी एकदा मिठागरे, कांदळवने आणि नाल्यांची मुखे यांविषयी अकरा पानांचे टिपण दिले होते. छापून आले ते वृक्षारोपणाची व्यापक मोहीम हाती घेण्याविषयीचे एकच वाक्य. मात्र त्या समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी टिपण खरोखर वाचले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, “हे सगळं पटतं हो, पण ह्यात मतं किती?” मला तेव्हा राग आला होता. आता वाटते की प्रश्न रास्त होता, आणि आपल्या शंकेचे निम्मे उत्तर त्यातच दडलेले आहे.

हरित पक्षाचा मुद्दा मुख्यतः निवडणूक पद्धतीशी निगडित आहे. जर्मनीत हरित पक्षाची स्थापना 1980 मध्ये झाली आणि 1983 मध्ये 5.6 टक्के मतांवर तो संघीय संसदेत पोहोचला, कारण तिथे पाच टक्क्यांची मर्यादा ओलांडणाऱ्या पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. पुढे 1998 मध्ये तो सोशल डेमोक्रॅट पक्षाबरोबर केंद्रात सत्तेत आला आणि अणुऊर्जा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय त्याने सरकारकडून करून घेतला. याउलट ब्रिटनमध्ये 1989 च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत हरित पक्षाला सुमारे 15 टक्के मते पडली, आणि जागा मिळाली शून्य. ब्रिटिश संसदेत त्यांचा पहिला सदस्य निवडून यायला 2010 साल उजाडावे लागले. आपली पद्धत ब्रिटनचीच आहे. जो पहिला त्याची जागा, बाकीच्यांची मते वाया. अशा पद्धतीत सर्वदूर विखुरलेल्या काळजीचा पक्ष होऊ शकत नाही. ती काळजी मोठे पक्ष सोयीनुसार उचलतात आणि सोयीनुसार खाली ठेवतात. मुंबईत याची परीक्षा एकदा झालेली आहे. 2014 मध्ये नर्मदा बचाव आंदोलनाच्या मेधा पाटकर ईशान्य मुंबईतून आम आदमी पक्षाच्या उमेदवार होत्या. त्यांना सुमारे पाऊण लाख मते मिळाली आणि त्या तिसऱ्या आल्या. त्यातली बरीचशी मते मानखुर्द-गोवंडीतल्या घरांच्या प्रश्नावरची होती, काही त्या वर्षीच्या वाऱ्याची होती. नर्मदेची किती होती हे सांगणे अवघड आहे.

मग पर्यावरणवाद आपल्या राजकारणात शिरला तो कुठल्या दारातून? लोकांच्या लढ्यांची परंपरा जुनी आहे. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला तेव्हा पर्यावरण हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता, पण धरण मावळ्यांच्या जमिनीवर आणि वीज मुंबईला, हा त्या लढ्यातला पेच पुढच्या शंभर वर्षांत फारसा बदललेला नाही. पक्षीय राजकारणात मात्र हा विषय वरून आला, दिल्लीतून आला आणि एका पंतप्रधानांच्या व्यक्तिगत आस्थेतून आला. 1972 च्या जूनमध्ये स्टॉकहोमच्या परिषदेला यजमान स्वीडनच्या पंतप्रधानांखेरीज उपस्थित राहिलेल्या इंदिरा गांधी या एकमेव सरकारप्रमुख होत्या. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला, 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प, 1974 मध्ये जलप्रदूषण कायदा, 1980 मध्ये वनसंवर्धन कायदा, 1981 मध्ये वायुप्रदूषण कायदा. आणि भोपाळच्या वायुगळतीनंतर, राजीव गांधींच्या काळात, 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा. यातला कुठलाही कायदा निवडणुकीत मागितला गेला नव्हता. गंमत अशी की, पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे धोरण आणि नागरिकाचे कर्तव्य म्हणून राज्यघटनेत आले ते आणीबाणीतल्या 42 व्या घटनादुरुस्तीने, 1976 मध्ये. नागरिकांचे हक्क आवळणाऱ्या दुरुस्तीतूनच जंगलांना घटनेत जागा मिळाली, ही विसंगती पर्यावरणवाद्यांना आजही पुरती पचलेली नाही.

त्या दुरुस्तीचा दुसरा परिणाम राजकारणासाठी जास्त महत्त्वाचा ठरला. वने आणि वन्यजीव हे विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले, आणि 1980 च्या कायद्यानंतर वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर राज्याला केंद्राची पूर्वपरवानगी घेणे भाग पडले. म्हणजे प्रकल्प राज्याचा, श्रेय मुख्यमंत्र्यांचे, पण शिक्का दिल्लीचा. ज्या देशात केंद्रात एका पक्षाचे आणि राज्यात दुसऱ्या पक्षाचे सरकार असणे हे नेहमीचे आहे, तिथे असा शिक्का निव्वळ प्रशासकीय राहत नाही. तो अडवायला आणि सोडवायला वापरता येतो. माझ्या मते, पर्यावरणवादाने राष्ट्रीय पक्षांच्या राजकारणात घडवलेला सर्वांत मोठा बदल हाच आहे : त्याने मतदार फारसे निर्माण केले नाहीत, पण परवानगी नावाचे एक नवे चलन निर्माण केले.

मुंबईकरांना हे समजावून सांगायला सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियमन, पुरेसे आहे. इंदिरा गांधींनी नोव्हेंबर 1981 मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्यास सांगितले. पत्राला कायद्याचे बळ नव्हते. ते आले 19 फेब्रुवारी 1991 च्या अधिसूचनेने, आणि त्यानंतर मुंबईच्या किनारपट्टीवरचा चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडावर किती बांधकाम करता येते याचे प्रमाण) त्या दिवशी होता तिथेच गोठला : शहरात 1.33, उपनगरांत 1. त्या तारखेनंतर या शहरात असा एकही सत्ताधारी पक्ष झाला नाही की ज्याचे शिष्टमंडळ सीआरझेड शिथिल करा म्हणून दिल्लीला गेले नाही. कधी कोळीवाड्यांच्या नावाने, कधी उपकरप्राप्त इमारतींच्या नावाने, आणि दोन्ही नावांच्या आड दडलेल्या विकासकांसाठी तर नेहमीच. 2011 च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईसाठी खास तरतुदी आल्या आणि 2019 च्या अधिसूचनेने गोठलेला निर्देशांक मोकळा केला; पहिली काँग्रेसप्रणीत सरकारने काढली, दुसरी भाजपप्रणीत सरकारने. आदर्श इमारतीच्या प्रकरणात 2010 मध्ये एका मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले, आणि ती इमारत पाडण्याचा आदेश जानेवारी 2011 मध्ये निघाला तो केंद्रीय पर्यावरण मंत्रालयातून, सीआरझेडच्या परवानगीच्या मुद्द्यावर. फ्लॅट कुणाला मिळाले यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले, पण कायद्याचा हातोडा आला तो किनाऱ्याच्या नियमातून, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले.

त्या काळात पर्यावरण मंत्री होते जयराम रमेश. मे 2009 ते जुलै 2011 हा जेमतेम सव्वादोन वर्षांचा काळ, पण पर्यावरण मंत्रालयाच्या निर्णयांवर राष्ट्रीय पक्षात उघड भांडण होऊ शकते हे देशाला तेव्हाच कळले. जनुकीय बदल केलेल्या बीटी वांग्याला स्थगिती, ओडिशातील नियामगिरीच्या खाणीला नकार, पुण्याजवळच्या लवासा या डोंगरी शहराला नोटीस. आणि त्याच हातांनी नवी मुंबई विमानतळाला मंजुरी. ऑगस्ट 2010 मध्ये राहुल गांधी नियामगिरीच्या पायथ्याशी लांजिगडला गेले आणि आपण दिल्लीतले आदिवासींचे शिपाई आहोत असे म्हणाले. चार वर्षांनी, 2014 मध्ये, ओडिशात लोकसभेच्या 21 जागांपैकी बिजू जनता दलाला 20 आणि भाजपला एक मिळाली. काँग्रेसला एकही नाही. त्याआधीच, डिसेंबर 2013 मध्ये, पर्यावरण मंत्री जयंती नटराजन यांनी राजीनामा दिला होता, आणि त्याच सुमारास राहुल गांधींनी उद्योजकांच्या मेळाव्यात पर्यावरण परवानग्यांच्या दिरंगाईविषयी नाराजी व्यक्त केली होती. पुढच्याच महिन्यात नरेंद्र मोदींनी गोव्यातल्या सभेत ‘जयंती टॅक्स’ असा शब्द वापरून परवानग्या अडवल्याचा आरोप केला. वर्षभराने नटराजन यांचे पत्र प्रसिद्ध झाले. काही प्रकल्पांबाबत आपल्याला पक्षनेतृत्वाच्या कार्यालयातून सूचना येत असत असे त्यात म्हटले होते, आणि त्यांनी पक्षच सोडला. या घटनाक्रमात कोण खरे, कोण खोटे हा भाग मी बाजूला ठेवतो. 2014 च्या निवडणुकीत पर्यावरण हा राष्ट्रीय प्रचाराचा मुद्दा झाला होता, फक्त उलट्या बाजूने : परवानग्या अडवणारे सरकार हवे की देणारे, असा तो प्रश्न मतदारापुढे ठेवला गेला.

भाजपच्या पर्यावरणविषयक धोरणाचे दोन चेहरे आहेत आणि ते दोन्ही पाहिल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. एकीकडे 2015 मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय सौर आघाडीची घोषणा, 2021 मध्ये ग्लासगोला 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन, उज्ज्वला योजनेतला गॅस सिलिंडर आणि नमामि गंगे. पक्षाच्या सांस्कृतिक भाषेत नदी आणि गाय बसते, त्यामुळे गंगेचे शुद्धीकरण त्यांच्या मतदारापर्यंत सहज पोहोचते. चुलीच्या धुरातून सुटका ही तर थेट स्वयंपाकघरात पोहोचलेली पर्यावरणाची योजना आहे, तिला कुणी त्या नावाने ओळखत नसले तरी. दुसरीकडे परवानग्यांची प्रक्रिया सोपी आणि वेगवान करण्याचा सातत्याने चाललेला प्रयत्न : 2020 चा पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा मसुदा, 2023 ची वनसंवर्धन कायद्यातली दुरुस्ती. 2020 च्या मसुद्याची गोष्ट आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने बोधक आहे. टाळेबंदीत, घरी बसलेल्या तरुण मुलामुलींनी लाखोंच्या संख्येने ईमेलवर हरकती पाठवल्या, मसुदा सर्व भारतीय भाषांत द्यावा म्हणून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि तो मसुदा अंतिम झालाच नाही. शहरी मध्यमवर्गाच्या पर्यावरणवादाचा केंद्र सरकारवर थेट परिणाम झाल्याचे याहून ठळक उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. त्यातले काही बदल पुढे कार्यालयीन ज्ञापनांच्या, म्हणजे मंत्रालयाच्या परिपत्रकांच्या, वाटेने एकेक करून आलेच, हेही नमूद केले पाहिजे. ज्ञापनावर हरकती मागवाव्या लागत नाहीत.

आता पक्षांच्या सचोटीविषयी. माझ्याकडे येणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांना मी एकच सांगतो : अमुक पक्ष पर्यावरणवादी आहे का हे विचारू नका, तो कुठल्या खुर्चीवर बसला आहे ते पाहा. छत्तीसगडमधील हसदेव अरण्यात कोळशाच्या खाणी होऊ देणार नाही असे आश्वासन काँग्रेसच्या नेतृत्वाने 2015 मध्ये तिथल्या ग्रामस्थांना दिले होते. पुढे राज्यात काँग्रेसचेच सरकार आले, कोळसा हवा होता तो राजस्थानातल्या काँग्रेस सरकारच्या वीज कंपनीला, आणि 2022 मध्ये खाणीची परवानगी निघाली. विरोध वाढला तेव्हा त्याच राज्याच्या विधानसभेने खाणींविरुद्ध ठरावही केला. डिसेंबर 2023 मध्ये भाजपचे सरकार आले आणि महिन्याच्या आतच झाडे पडू लागली. दिल्लीत हिवाळी धुराचा दोष पंजाबातल्या शेतात जळणाऱ्या पेंढ्याला देणारा आम आदमी पक्ष 2022 मध्ये पंजाबात निवडून आल्यावर त्याच पेंढ्याविषयी मवाळ झाला. यमुनेच्या पाण्यावरून 2025 च्या दिल्ली निवडणुकीत दोन राष्ट्रीय पक्षांत जी जुंपली ती आपण पाहिलीच असेल. हरियाणाच्या मुख्यमंत्र्यांना नदीचे पाणी ओंजळीत घेऊन तोंडाला लावावे लागले.

महाराष्ट्रात हे खुर्चीचे गणित जुने आहे. दाभोळचा एन्रॉन वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवू अशी घोषणा देत 1995 मध्ये शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली. ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला, जानेवारी 1996 मध्ये नव्या अटींवर पुन्हा स्वीकारला गेला, आणि मे महिन्यात दिल्लीतल्या तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने जाता जाता त्याला केंद्राने द्यायच्या प्रतिहमीला मंजुरी दिली. एन्रॉनचा वाद मुख्यतः विजेच्या दराचा होता, पर्यावरणाचा त्यात गुहागरपुरताच भाग होता, हे खरे. पण पक्ष कसे वळतात याचा तो नमुना आहे.

आरेचे प्रकरण तर आपल्या डोळ्यांसमोर घडले. मेट्रोच्या कारशेडसाठी होणाऱ्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2019 रोजी फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालू झाल्या, 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली तेव्हा 2,141 झाडे पडून गेली होती. मतदान होते 21 तारखेला. राज्यात एकत्र सत्तेत असलेले दोन पक्ष या प्रश्नावर समोरासमोर होते, आणि तरीही युती म्हणूनच निवडणूक लढवत होते. आरेच्या परिसरातल्या मतदारांपुढे पर्याय काय होता? जोगेश्वरी पूर्वेला शिवसेना निवडून आली, गोरेगावात भाजप. आंदोलनाचा निवडणुकीवर काहीच परिणाम झाला नाही असे यावरून म्हणता येईल. पण महिनाभराने युती तुटली, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी, 29 नोव्हेंबरला, त्यांनी कारशेडच्या कामाला स्थगिती दिली. पुढे कारशेड कांजूरमार्गला हलवण्याचा निर्णय झाला, त्या जमिनीवर केंद्राने आपला हक्क सांगितला, डिसेंबर 2020 मध्ये उच्च न्यायालयाची स्थगिती आली, आणि जून 2022 मध्ये सरकार बदलताच कारशेड आरेत परतली. झाडांवरून सुरू झालेला वाद शेवटी केंद्र विरुद्ध राज्य आणि भाजप विरुद्ध शिवसेना असा झाला. त्यात आरेच्या सत्तावीस पाड्यांतला आदिवासी कुठे होता, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. आणि समतोल राखण्यासाठी हेही सांगतो की, आरेत झाडांच्या बाजूने उभी राहिलेली शिवसेना त्याच काळात मुंबई महापालिकेत सागरी किनारा रस्ता हा आपला मानबिंदू म्हणून मिरवत होती. त्या रस्त्याची कल्पना पुढे रेटली काँग्रेस आघाडीच्या सरकारने, किनारा नियमांतली वाट मोकळी करून दिली केंद्रातल्या भाजप सरकारने, बांधला शिवसेनेच्या महापालिकेने. समुद्रात भराव घालण्याविषयी मुंबईत सर्वपक्षीय एकमत आहे.

मग पक्ष खरोखर वाकतात कुठे? जिथे पर्यावरणाचा प्रश्न जमिनीचा आणि पोटाचा असतो, माणसे एका जागी एकवटलेली असतात, आणि एखादी जागा हातची जाईल अशी भीती पक्षाला नेमक्या वेळी वाटते तिथे. नाणारचे उदाहरण घ्या. वर्षाला सहा कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प, त्यात सौदी अरामकोसारखी कंपनी, केंद्र सरकारची प्रतिष्ठा पणाला. आणि समोर राजापूर-देवगडमधली आंबा-काजूची बागायत आणि मच्छीमार गावे. 18 फेब्रुवारी 2019 रोजी अमित शहा आणि उद्धव ठाकरे यांच्या उपस्थितीत मुंबईत युतीची घोषणा झाली तेव्हा लोकसभेच्या 25 आणि 23 जागांच्या वाटपाबरोबर नाणारची भूसंपादन प्रक्रिया रद्द करण्याचेही जाहीर झाले. एका राष्ट्रीय पक्षाला देशातल्या सर्वांत मोठ्या नियोजित तेलप्रकल्पांपैकी एक सोडावा लागला, कारण त्याला महाराष्ट्रातल्या 48 जागांसाठी मित्रपक्ष हवा होता. कोकणातल्या त्या गावांची मते मोजली तर काही हजार भरतील. पण युतीच्या मेजावर त्यांचे वजन कितीतरी पट झाले. यानंतरची कथा तितकी सरळ नाही : जानेवारी 2022 मध्ये मुख्यमंत्री ठाकरे यांनीच या प्रकल्पासाठी राजापूर तालुक्यातल्या बारसूची जागा केंद्राला सुचवली, 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणावरून पोलीस आणि ग्रामस्थ भिडले तेव्हा ते विरोधी पक्षात होते आणि ग्रामस्थांच्या बाजूने उभे राहिले, आणि त्यांच्याच पक्षाचे तिथले आमदार प्रकल्पाला अनुकूल बोलत होते. 2024 मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गची जागा भाजपने जिंकली. हा बारसूवरचा कौल मानणे चुकीचे ठरेल. चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत पसरलेल्या मतदारसंघात कातळशिल्पांचा बारसूचा सडा हा एक कोपरा आहे.

हीच शक्ती उलट दिशेनेही काम करते, आणि हा भाग पर्यावरणवादी सहसा बोलत नाहीत. पश्चिम घाट जपण्यासाठी कडक निर्बंध सुचवणारा माधव गाडगीळ समितीचा अहवाल 2011 मध्ये आला, तो सौम्य करणारा कस्तुरीरंगन गटाचा 2013 मध्ये. केरळातल्या इडुक्कीत घाटातल्या शेतकऱ्यांना आपली शेती जाणार असे वाटले, चर्चने त्यांची बाजू घेतली, आणि गाडगीळ अहवालाचे उघड समर्थन करणारे काँग्रेसचे विद्यमान खासदार पी. टी. थॉमस यांना 2014 मध्ये पक्षाने तिकीटच दिले नाही. जागा तरीही गेली. डाव्यांच्या पाठिंब्यावर उभा राहिलेला, अहवालविरोधी आंदोलनातला उमेदवार निवडून आला. त्यानंतर घाटातले संवेदनशील क्षेत्र ठरवणारी मसुदा अधिसूचना केंद्राने 2014 ते 2024 या काळात सहा वेळा काढली आहे. सहावी निघाली 31 जुलै 2024 रोजी, वायनाडमध्ये दरड कोसळून गावे गाडली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. कर्नाटकात 2022 मध्ये भाजपच्या मुख्यमंत्र्यांनी विरोध केला, 2024 मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने. घाटातल्या मतदाराची भीती पक्षांना पटते. दरडीची भीती पावसाळ्यापुरती असते.

पर्यावरणवादी व्यक्तीचा उपयोग प्रचारात शत्रू म्हणूनही होतो. नोव्हेंबर 2022 मध्ये मेधा पाटकर महाराष्ट्रात राहुल गांधींबरोबर भारत जोडो यात्रेत काही पावले चालल्या आणि गुजरातच्या निवडणूक सभेत पंतप्रधानांनी त्याचा मुद्दा केला : नर्मदेचे पाणी ज्यांनी अडवले त्यांच्या खांद्यावर हात ठेवणाऱ्यांना मत देणार का? ज्या सौराष्ट्राला पाण्याची वाट पाहण्यात पिढ्या घालवाव्या लागल्या तिथे हा प्रश्न परिणामकारक होता. मराठी वाचकाला ते खटकेल, पण धरणाचे पाणी मिळणारा आणि धरणात जमीन गेलेला हे दोघेही मतदार आहेत, आणि पहिल्यांची संख्या नेहमीच मोठी असते.

आपण हवेविषयी विचारले होते. मुंबईची हवा हा आज सर्वांना भिडणारा प्रश्न आहे, आणि नेमके म्हणूनच त्याचे राजकीय वजन कमी आहे. चेंबूर-माहुलचा अपवाद सोडला तर हा त्रास कुठल्या एका वस्तीचा नाही, तो निवडणुकीच्या वेळी असेलच असे नाही, आणि बांधकामाची धूळ उडवणाऱ्यांत पुनर्विकासाची वाट पाहणारे आपण सगळेच आहोत. महापालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये बांधकामांसाठी नियमावली काढली ती वृत्तपत्रांच्या दबावाखाली. तेव्हा महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासकाचा कारभार होता, म्हणजे पक्षांना उत्तर देण्याचीही गरज उरली नव्हती.

त्यामुळे आपल्यासारख्या तरुणांनी मोर्चा काढावाच, पण तो कुठल्या वाटाघाटीच्या आधी काढायचा याचाही विचार करावा. वरळी कोळीवाड्याने तो केला होता. सागरी किनारा रस्ता जिथे सागरी सेतूला मिळतो तिथे खांबांमधले अंतर 60 मीटर ठरले होते. कोळी बांधवांचे म्हणणे होते की वारा आणि ओढ असताना होडी एवढ्या फटीतून सुखरूप निघणार नाही. त्यांनी रस्ता नको असे म्हटले नाही, हरित घोषणा दिल्या नाहीत. होड्या आडव्या घालून समुद्रातले काम थांबवले आणि खांबांमधले अंतर वाढवून मागितले. महापालिकेचे अभियंते बराच काळ ऐकेनात. मग शिवसेना फुटली, वरळी हा दोन्ही गटांच्या प्रतिष्ठेचा मतदारसंघ झाला, आणि डिसेंबर 2022 मध्ये मुख्यमंत्री शिंदे यांनी 120 मीटरचे अंतर मान्य केले. मतं किती, असे मला विचारणाऱ्या त्या ज्येष्ठ सदस्यांना मी हेच उदाहरण दिले असते. तेव्हा ते अजून घडायचे होते.